संस्थेला पर्याय म्हणून वस्तीतलं घर: उभं कसं करायचं आणि ते परत संस्था होऊ नये म्हणून काय बघायचं

दिव्यांग किंवा मानसिक आजार असलेल्या माणसांना कायमचं ठेवणाऱ्या मोठ्या संस्थेतून चार जणांना उचलून कॉलनीतल्या एका घरात आणून ठेवलं की झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग त्या घरात सकाळी सहाला सगळ्यांना एकदम उठवतात, आंघोळी नंबराने, फ्रीजला कुलूप, जेवण ठरल्या वेळेला नाहीतर नाहीच, आणि अंधार पडला की बाहेर जायचं नाही. बिल्डिंग छोटी झाली, बाकी कारभार होता तोच. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार आहे ना २००६चा, त्याचं १९वं कलम नेमकं याबद्दल आहे, की कुठे राहायचं आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांसारखंच दिव्यांग माणसालाही ठरवता आलं पाहिजे. त्या कलमाचा अर्थ समजावून सांगायला कराराच्या समितीने २०१७ साली एक टिपण काढलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की शंभरावर माणसांची संस्था असू दे, पाच ते आठ जणांचं ग्रुप होम असू दे, नाहीतर अगदी एकट्याचं घर असू दे, तिथे संस्थेची लक्षणं असतील तर त्याला स्वतंत्र जगणं म्हणता येणार नाही. लक्षणं म्हणजे कोणती, तर कोणाबरोबर राहायचं यात माणसाला विचारायचंच नाही, मदतनीस कोण हवा हे तो सांगू शकत नाही, सगळ्यांनी एका वेळी एकच गोष्ट करायची, आणि दिवसाचं वेळापत्रक ड्युटीवाल्यांच्या सोयीने. ही यादी डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण माझं सगळं म्हणणं त्याभोवतीच आहे.

हे कोणासाठी लिहितोय तेही सांगतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली किंवा बरीच वर्षं मानसिक आजार असलेली मोठी माणसं, जी संस्थेत आहेत किंवा घरच्यांनंतर संस्थेत जातील अशी भीती आहे, त्यांचे आईवडील, भावंडं, आणि असं एखादं घर सुरू करू बघणारे छोटे ग्रुप. लहान मुलांचं प्रकरण वेगळं. मुलाला कुटुंब लागतं, स्वतःचं, नातेवाइकांचं, नाहीतर फॉस्टर, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणारं. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथाश्रमांमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं चाललेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात फॉस्टर कुटुंबात गेलेली मुलं संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली, आणि जितक्या लहानपणी गेली तितका फायदा जास्त. म्हणून मुलांसाठी 'छोटं ग्रुप होम काढूया' असा उत्साह कोणी दाखवला तर आधी त्याला थांबवा.

आधी माणूस, मग घर

बहुतेक जण उलटं करतात. आधी घर बघतात, किती खाटा बसतील ते मोजतात आणि मग 'कोणाला आणूया' अशी यादी काढतात. तुम्ही त्या माणसापासून सुरुवात करा. संस्थेत जाऊन त्याच्याजवळ बसा, एकदा नाही, वेगवेगळ्या वेळी, सकाळी, जेवताना, झोपायच्या आधी. आणि फाइलपेक्षा तिथे काम करणाऱ्या मावश्यांना विचारा. फाइलमध्ये 'आक्रमक' असा एकच शब्द असतो आणि तो वर्षानुवर्षं पुढच्या फाइलीत कॉपी होत जातो. रात्रपाळीची मावशी सांगते, 'अहो काही नाही, मागून येऊन खांद्याला हात लावला की दचकतो आणि हात उगारतो, समोरून जा, नाव घेऊन बोला, काही करत नाही.' ही एक ओळ अख्ख्या असेसमेंट रिपोर्टपेक्षा जास्त कामाची, आणि ती कुठेही लिहिलेली नसते, ती मावशी नोकरी सोडून गेली की माहितीही गेली.

म्हणून प्रत्येकाचं एक पान करा, एकच, जास्त लांबवलं तर कोणी वाचत नाही. हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो (बोलत नसेल तर मान वळवतो का, ताट ढकलतो का, डोळे मिटतो का), दुखत असलं की कसं कळतं, कशाने शांत होतो, कशाने बिथरतो, झोपेची सवय काय, आणि त्याच्या आयुष्यात पगार न घेता येणारं कोण कोण आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो रिकामा आहे हे कळणं हीच मोठी माहिती आहे, कारण मग तुमचं निम्मं काम काय आहे ते समजतं.

कोण कोणाबरोबर राहणार हे 'लेव्हल'वरून, म्हणजे दिव्यांगत्व किती तीव्र आहे यावरून, ठरवू नका. 'हे चौघे सिव्हिअर, हे चौघे माइल्ड' हा हिशोब ऑफिसच्या सोयीचा. संस्थेत ज्यांची आपसात मैत्री आहे, जे जेवताना शेजारी बसतात, ज्यांना एकमेकांचा आवाज सहन होतो, ते बघा. आणि ज्याला एकट्याला राहायचंय त्याला एकट्याला राहू द्या, मदत घेऊन. एखाद्याला कुटुंबात राहायला आवडेल, तोही मार्ग आहे. बेल्जियममधल्या गील गावात शेकडो वर्षं मानसिक आजार असलेली माणसं गावातल्या कुटुंबांमध्ये राहत आलीत, १९३०च्या दशकाच्या शेवटी तर ही संख्या साडेतीन हजारांच्या वर होती. ग्रुप होम हा अनेकांतला एक पर्याय आहे, एकमेव नाही. आपल्याकडे चर्चा मात्र तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते.

'पण आमचा फार सिव्हिअर आहे हो, हे सगळं हुशार मुलांसाठी' असं म्हणणारे पालक भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, वर्षानुवर्षं रात्री जागून काढल्यात त्यांनी. फक्त एवढंच सांगतो की स्वीडनने १९९७ साली कायदा करून बौद्धिक दिव्यांगांच्या सगळ्या संस्था १९९९ अखेर बंद करायचं ठरवलं, त्यात सिव्हिअर आणि नॉन-सिव्हिअर अशी चाळण नव्हती. ज्याला जास्त मदत लागते त्याच्या घरी जास्त मदतनीस, असा सरळ हिशोब.

घर बघताना

साधं घर बघा. तीन-चार जणांना प्रत्येकी स्वतःची खोली मिळेल असं, चालत जाऊन दुकान, बसस्टॉप, दवाखाना गाठता येईल असं. गावाबाहेर स्वस्तात मोठी जागा मिळते आणि कोणीतरी दाता 'तिथे छान मोकळी हवा आहे' म्हणतो, त्या मोहात पडू नका. मोकळ्या हवेत शेजारी नसतात. एकाला लागून दुसरं, तिसरं अशी घरं घेऊ नका, त्याचा कॅम्पस होतो आणि मग गेट येतं, मग वॉचमन येतो, मग रजिस्टर येतं.

दारावर पाटी लावायची नाही. गाडीवर संस्थेचं नाव नाही, मदतनिसांना युनिफॉर्म नाही, हॉलमध्ये ऑफिसचं टेबल नाही, भिंतीवर ड्युटी चार्ट नाही. मदतनिसांसाठी वेगळे कप आणि वेगळं टॉयलेट दिसलं तर तिथेच समजून जा काय चाललंय. खोलीला आतून कडी हवी, आणि गरज पडली तर बाहेरून उघडता येईल असं लॉक मिळतं ते बसवा. घराच्या मुख्य दाराची किल्ली प्रत्येकाच्या हातात, हरवेल म्हणून देत नाही असं नको, हरवली तर दुसरी करून घ्यायची, आपणही तेच करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. भाडेकरार शक्यतो राहणाऱ्यांच्या नावाने करा, आणि घर देणारा एक आणि मदत पुरवणारा दुसरा असं ठेवा. एकाच संस्थेच्या हातात दोन्ही असलं तर माणूस तक्रार करायला घाबरतो, कारण मदतनीस बदला म्हटलं तर छप्परही जाईल. घर आणि उपचार असे वेगळे काढण्याचा विचार न्यूयॉर्कला १९९२ साली बेघर मानसिक रुग्णांसाठी सुरू झालेल्या 'हाउसिंग फर्स्ट' पद्धतीने पक्का केला: आधी घर द्या, घर मिळवायला औषध घेण्याची किंवा 'सुधारण्याची' अट नको, आणि मदत लागेल तशी घरी येईल. ज्याला करार कळत नाही त्याच्यासाठी सही कोण करणार हे तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे वकिलाकडून आधीच समजून घ्या, नंतर धावपळ होते.

शेजाऱ्यांची परवानगी काढायला सभा वगैरे भरवू नका. भाड्याने राहायला येणारं कोणतंही कुटुंब कॉलनीला 'आम्ही येऊ का' असं विचारत नाही. राहायला आल्यावर मात्र शेजारधर्म पाळायचा, नाव सांगायचं, नमस्कार करायचा, आणि रात्री आवाज झाला तर सकाळी स्वतःहून जाऊन बोलायचं. एक फोन नंबर शेजाऱ्यांकडे देऊन ठेवा, जो खरंच उचलला जातो.

मदतनिसांचं गणित

इथे बहुतेक घरं फसतात, म्हणून जरा सविस्तर. आठवड्यात १६८ तास असतात. घरात चोवीस तास एक माणूस हवा असेल आणि तो आठवड्याला ४० तास काम करत असेल तर १६८ भागिले ४०, म्हणजे ४.२ माणसं, त्यात सुट्ट्या, आजारपण, ट्रेनिंग धरलं की पाचच्या वर जातं. ४८ तासांचा आठवडा धरला तरी साडेतीन, म्हणजे सुट्ट्या धरून चारच्या वरच. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास दुसरा माणूस लागणार (आंघोळ, जेवण, बाहेर जाणं) तर आठवड्याचे ४२ तास वाढले, अजून एक माणूस. म्हणजे चार जणांच्या घराला सहाच्या आसपास मदतनीस लागतात. आणि लोक प्लॅन करतात दोन केअरटेकरवर, 'नवरा-बायको ठेवू, तिथेच राहतील'. ती दोघं चोवीस तास अडकतात, सहा महिन्यांत थकतात, मग सोय म्हणून सगळ्यांना एकदम झोपवायला लागतात, दार बंद करायला लागतात. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, माणसं कमी असली की संस्था आपोआप तयार होते.

पैसे कमी असतील तर आधी बघा की खरंच चोवीस तास कोणाला लागतं. रात्री जागा माणूस हवा की घरात झोपलेला चालेल, की फक्त फोनवर आणि दहा मिनिटांत येऊ शकेल असा पुरेल? हे प्रत्येकासाठी वेगळं विचारा. ज्याला फिट्स येतात त्याचं उत्तर वेगळं, ज्याला फक्त एकटं वाटतं त्याचं वेगळं.

निवड करताना अनुभव दुय्यम धरा. बरीच वर्षं संस्थेत काम केलेला माणूस कधीकधी सवयीही सोबत घेऊन येतो. मुलाखतीत राहणाऱ्यांना बसवा, आणि बोलणं संपल्यावर उमेदवाराला त्यांच्याबरोबर अर्धा तास एकटं न सोडता पण मोकळं राहू द्या, आणि बघा तो कोणाशी बोलतोय, त्या माणसाशी की तुमच्याशी. 'यांना चहा चालतो का?' असं तुम्हाला विचारणारा आणि 'चहा घेणार का?' असं त्यालाच विचारणारा, फरक लगेच दिसतो.

हलवताना

एका दिवसात गाडी भरून आणायचं नाही. आधी चहाला, मग जेवायला, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, आणि मधे प्रत्येक वेळी विचारायचं, बोलत नसेल तर चेहरा वाचायचा. खोलीचा रंग, पडदा, चादर त्याने निवडायची. दोन पर्याय हातात द्या, वीस नको, ज्याला आयुष्यभर कोणी विचारलंच नाही त्याला वीस म्हणजे छळ. सामान नीट बॅगेत किंवा खोक्यात आणा, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून कोणाचंही सामान आणू नका, मी बघितलंय हे होताना.

औषधांचं काम हलवायच्या आधी संपवा. कोणतं औषध, कशासाठी, कोणी सुरू केलं, शेवटचं कधी तपासलं, ॲलर्जी कशाची. संस्थेत अनेकांना झोप येणारी औषधं फक्त वॉर्ड शांत राहावा म्हणून चालू असतात, पण म्हणून घरी आल्या आल्या स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरशी बोलून हळूहळू. हातात किमान काही आठवड्यांचा साठा आणि नवीन डॉक्टरची ठरलेली अपॉइंटमेंट हवी. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स, हे सगळ्या मदतनिसांना पाठ हवं. आग लागली तर रात्री सगळे बाहेर कसे पडणार याची प्रॅक्टिस खरोखर रात्री करा, दुपारी केलेल्या ड्रिलमधून काही कळत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत जे दिसतं त्याने घाबरू नका. भराभर खाणं, कारण तिथे शेजारचा उचलायचा. उशीखाली चपला, बिस्किटं, कपडे लपवणं, कारण तिथे आपलं असं काही उरायचंच नाही. बाथरूमला जायच्या आधी दारात उभं राहून परवानगीची वाट बघणं. काही जण सुरुवातीला एकदम शहाण्यासारखे वागतात आणि मग दोन महिन्यांनी आदळआपट सुरू होते, तेव्हा मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की 'बघा, याला संस्थाच बरी होती'. त्या वेळी त्याचं ते एक पान काढा आणि काय बदललं ते शोधा: नवीन मदतनीस, दातदुखी, बद्धकोष्ठ, शेजारी चालू झालेलं ड्रिल मशीन. बहुतेक वेळा कारण इतकंच साधं असतं.

रोजचे निर्णय आणि रिस्क

कधी उठायचं, काय घालायचं, आज आंघोळ नको, पैसे कशावर उडवायचे, कोणाला घरी बोलवायचं, हे त्याचं. स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि खर्चाची नोंद अशा माणसाने तपासायची जो त्या घरात पगारावर नाही. अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली लिहिलं होतं की धोका पत्करण्यातही माणसाचा मान असतो आणि सगळा धोका काढून टाकला तर तो मानही जातो. प्रत्यक्षात हे असं करायचं: त्याला एकट्याला दुकानात जायचंय. 'नाही' म्हणण्याऐवजी आधी बरोबर जा, मग दहा पावलं मागून, मग कोपऱ्यापर्यंत, मग घरी थांबा. खिशात पत्ता आणि फोन नंबर. दुकानदाराला ओळख करून द्या. काय होऊ शकतं, झालं तर काय करायचं, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे उद्या तो रस्ता चुकला तर ड्युटीवरच्या मदतनिसाचा बळी जाणार नाही. हा कागद नसला की मदतनीस स्वतःला वाचवायला दार बंद करतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही केलं असतं.

घाई केली तर काय होतं

स्वस्त पडेल म्हणून हे करणाऱ्यांनी साउथ आफ्रिकेचं प्रकरण वाचावं. गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने २०१५ साली मानसिक रुग्णांना सांभाळणाऱ्या 'लाइफ एसिडिमेनी' या खासगी संस्थेशी असलेला करार रद्द केला आणि २०१६ मध्ये हजारावर मानसिक रुग्णांना घाईघाईने छोट्या एनजीओंकडे हलवलं, बऱ्याच जणांचे कागद आणि औषधांच्या नोंदी नीट गेल्याच नाहीत, चौकशीत त्या एनजीओंचे परवानेही अवैध निघाले. १४४ माणसं मेली. कागदावर या सगळ्याला 'समाजात पुनर्वसन' असंच गोंडस नाव होतं.

दुसरीकडे इटलीतलं ट्रिएस्टे. फ्रांको बझालिया १९७१ साली तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसं होती. त्यांनी शहरात ठिकठिकाणी मानसिक आरोग्य केंद्रं उभी केली, पुढे ती चोवीस तास चालू राहू लागली, काही खाटा तिथेच, आणि हॉस्पिटलमधलाच स्टाफ हळूहळू बाहेर आणला. १९७८ साली इटलीने मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा केला. फरक क्रमात आहे: बाहेरची मदत आधी उभी करायची, संस्थेची भिंत नंतर पाडायची. याचा खर्चाशी थेट संबंध आहे, कारण मधली काही वर्षं दोन्हीकडे पैसे लागतात, जुनी संस्था चालूच असते आणि नवीन घरंही सुरू झालेली असतात. तुमच्या बजेटमध्ये हा दुहेरी खर्च दिसत नसेल तर प्लॅन अजून तयार नाही. आणि रिकामी झालेली खाट परत भरायची नाही असं संस्थेकडून लेखी घ्या, नाहीतर तुम्ही चार जणांना बाहेर काढता आणि मागच्या दाराने चार नवीन येतात.

लक्ष कोणी ठेवायचं

छोट्या घरात मारहाण, चोरी, छळ होत नाही असं मुळीच नाही, उलट बंद दारामागे कळायला जास्त वेळ लागतो. म्हणून पगार न घेणारी माणसं घरात येत-जात राहिली पाहिजेत, न सांगता, वेगवेगळ्या वेळी: भावंडं, जुने मित्र, क्लासमधली ओळख, शेजारची मुलगी. प्रत्येकासाठी चार-पाच जणांचा एक ग्रुप बांधा, जो वर्षातून काही वेळा त्या माणसासोबत बसतो, आणि त्यात आईवडिलांपेक्षा तरुण माणसं नक्की असू द्या. 'आमच्यानंतर काय' या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. बिल्डिंग टिकते, पण ती 'आज हा गप्प का आहे' असं विचारत नाही.

घर बघायला गेलात तर मॅनेजरला विचारण्यापेक्षा हे तपासा. फ्रीज कोण उघडतं? शेवटची पाहुणी माणसं कधी आली आणि ती कोण होती? काल रात्री सगळे एकाच वेळी झोपले का? ड्युटी बदलताना घरातल्या माणसाबद्दल त्याच्यासमोर, तो तिथे नसल्यासारखं बोलतात का? आणि राहणाऱ्यांपैकी एखादा तुम्हाला 'तुम्ही कोण, कोणाला भेटायचंय' असं विचारतो का? विचारत असेल तर चांगलं आहे, त्याला उत्तर द्या, आणि त्याने आत बोलावलं तरच आत जा.

जमत नसेल तर ते मान्य करायची सोयही आधीच करून ठेवा. दोघांचं पटत नाही, एकाला दुसऱ्या भागात राहायचंय, एखादीला कोणाबरोबर तरी संसार करायचाय, हे होणारच. करारात लिहा की माणूस घर बदलेल तेव्हा त्याचे मदतीचे तास आणि पैसे त्याच्याबरोबर जातील, खोलीबरोबर राहणार नाहीत. मागे राहिलेल्या खोलीत कोण येणार हे उरलेल्या तिघांना विचारून ठरवा, आणि तोवर ती रिकामी राहिली तर भाड्याची तेवढी तजवीज बाजूला काढून ठेवलेली असू द्या.